टर्मिनलमधले टेक्स्ट एडिटर: लिनक्सवर नव्याने आलेल्यांचे नेहमीचे प्रश्न

टर्मिनलमध्ये फाइल उघडली, काहीतरी टाइप केलं आणि आता बाहेर पडता येत नाही, अशा अवस्थेत हे पान उघडलं असेल तर थेट "व्हीआय उघडला गेलाय, बाहेर कसा पडू?" या प्रश्नावर जा. बाकीचं नंतर निवांत वाचा.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथे कळांची आणि कमांडची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टर्मिनलमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची, आणि वेगळं सांगितलं नसेल तिथे लहान लिपीतली.

## माउसने चालणारा छान एडिटर असताना हे शिकायचं कशाला?

कारण तो एडिटर प्रत्येक वेळी तुमच्यासोबत नसतो. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर गेलात की समोर फक्त टर्मिनल असतं. डेस्कटॉप सुरूच होत नसेल आणि मशीन रिकव्हरी मोडमध्ये अडकलं असेल, तर दुरुस्ती करायची फाइल तिथेच, काळ्या पडद्यावर उघडावी लागते. गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये कमिट करताना, म्हणजे बदल नोंदवताना, संदेश दिला नाही की एडिटर आपोआप उघडतो. क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, वेळापत्रक बदलतानाही तसंच.

लिनक्समधली बहुतेक सेटिंग साध्या मजकुराच्या फाइलींत असतात. त्यामुळे फाइल उघडणं, एक ओळ बदलणं आणि सेव्ह करून बाहेर येणं ज्याला जमतं, त्याच्या हातात जवळजवळ सगळी यंत्रणा येते. मला हे फार मोलाचं वाटतं. मेनूत जे बटण कुणी ठेवलंच नाही, तेही तुम्ही स्वतः बदलू शकता.

## सुरुवात कशाने करू?

नॅनोने. याबाबत माझं मत पक्कं आहे. नॅनोमध्ये कळ दाबली की अक्षर उमटतं, बाणांनी कर्सर हलतो आणि पुढे काय करता येईल ते पडद्याच्या तळाशी लिहिलेलं असतं. नव्या माणसाचं लक्ष एडिटरपेक्षा फाइलीत काय बदलायचं आहे त्यावर राहायला हवं, आणि नॅनोत ते राहतं.

नॅनोची मुळं पिको नावाच्या एडिटरमध्ये आहेत. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पाइन या ईमेल प्रोग्रॅमबरोबर पिको यायचा, पण त्याचा परवाना पूर्णपणे मुक्त नव्हता. म्हणून ख्रिस अ‍ॅलेग्रेटा यांनी १९९९मध्ये त्याच वळणाचा मुक्त एडिटर लिहायला घेतला. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांवर आज वेगळं काही निवडलं नाही तर तोच एडिटर उघडतो. फेडोरानेही २०२०मध्ये ३३व्या आवृत्तीपासून तोच स्वीकारला.

नॅनो हाताला बसला की व्हीआय या दुसऱ्या, जुन्या एडिटरची पाच-सहा कामं शिकून ठेवा. ती का, ते पुढे येईलच.

## नॅनोच्या तळाशी दिसणारी टोपी आणि "एम" म्हणजे काय?

टोपीसारखं ^ हे चिन्ह म्हणजे कंट्रोल. "एम" म्हणजे मेटा, आजच्या कीबोर्डवर ऑल्ट. तिथे अक्षर मोठ्या लिपीत दिसतं, पण शिफ्ट दाबायची गरज नाही. ऑल्ट दाबल्यावर टर्मिनलचाच मेनू उघडत असेल, तर एस्केप दाबून सोडा आणि मग ते अक्षर दाबा. काम तेच होतं.

## नॅनोत रोजचं काम कसं करायचं?

"नॅनो" लिहून जागा सोडा, फाइलीचं नाव द्या आणि एंटर दाबा. त्या नावाची फाइल नसेल तर सेव्ह करताना तयार होते. मजकूर लिहून झाला की कंट्रोल + ओ. तळाशी फाइलीचं नाव दिसेल, एंटर दाबा. नवे लोक इथेच थांबतात: नाव दिसलं म्हणजे सेव्ह झालं असं त्यांना वाटतं. एंटर दाबेपर्यंत काहीही सेव्ह झालेलं नसतं.

बाहेर पडायला कंट्रोल + एक्स. बदल सेव्ह केले नसतील तर नॅनो विचारतो: हो म्हणायला वाय, टाकून द्यायला एन, आणि विचार बदलला तर कंट्रोल + सी दाबून परत फाइलीत.

शोधायला कंट्रोल + डब्ल्यू. अख्खी ओळ कापायला कंट्रोल + के, चिकटवायला कंट्रोल + यू. कंट्रोल + के लागोपाठ चार वेळा दाबलंत तर चारही ओळी एकत्र साठतात आणि एकाच कंट्रोल + यूने बाहेर येतात. ओळी हलवायला याहून सोपी रीत मला माहीत नाही. चुकलं तर ऑल्ट + यू. इथे कंट्रोल + झेडच्या सवयीने घोटाळा होतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एखाद्या प्रोग्रॅमने "२५व्या ओळीत चूक आहे" असं सांगितलं, तर फाइलीच्या नावाआधी +२५ लिहून ती उघडा, कर्सर त्याच ओळीवर उभा राहील. व्हिमलाही, म्हणजे सुधारलेल्या व्हीआयलाही, हे कळतं. फक्त आकडे इंग्रजीत लिहा.

## व्हीआय उघडला गेलाय, बाहेर कसा पडू?

शांतपणे, याच क्रमाने:

एस्केप दाबा. शंका असेल तर दोनदा दाबा, त्याने काही बिघडत नाही.

कोलन टाइप करा. पडद्याच्या अगदी तळाशी डाव्या कोपऱ्यात कोलन दिसायला हवं. ते मजकुरात उमटलं, तर एस्केप नीट लागलेलं नाही.

त्यापुढे क्यू आणि उद्गारचिन्ह लिहा, म्हणजे :क्यू! असं. मग एंटर. केलेले बदल टाकून एडिटर बंद होईल.

बदल ठेवायचे असतील तर :डब्ल्यूक्यू आणि एंटर. डब्ल्यू म्हणजे लिहा, क्यू म्हणजे बाहेर पडा.

घाईत कोलन आणि क्यू उलट्या क्रमाने दाबले जातात, आणि मग खाली जुन्या कमांडची एक छोटी खिडकी उघडते. घाबरू नका, :क्यू आणि एंटर दाबलंत की ती मिटते. नुसती क्यू आणि मागोमाग एखादं अक्षर दाबलं गेलं, तर तळाशी "रेकॉर्डिंग" अशा अर्थाचा शब्द येतो. म्हणजे तुमच्या कळांची नोंद सुरू झाली. एस्केप दाबून पुन्हा क्यू दाबा, ती थांबते.

बाहेर पडता न येण्यात तुमचा काहीच दोष नाही. हा प्रश्न जगभरच्या शिकलेल्या प्रोग्रॅमरांनी विचारला आहे. व्हीआय पडद्यावर फारसं काही सांगत नाही, एवढंच त्याचं कारण.

## टाइप करतोय, पण अक्षरं उमटण्याऐवजी ओळीच गायब होत आहेत. का?

व्हीआयमध्ये मोड असतात. उघडल्या उघडल्या तुम्ही नॉर्मल मोडमध्ये असता, आणि तिथे प्रत्येक कळ हा एक हुकूम असतो. एक्स अक्षर खोडतो. डी दोनदा दाबला की ओळ उडते. आय दाबलात की इन्सर्ट मोड सुरू होतो आणि मग कीबोर्ड नेहमीसारखा वागतो. एस्केपने परत नॉर्मल मोड.

हे असं का, ते कळलं की राग जातो. बिल जॉय यांनी व्हीआय १९७६च्या सुमारास बर्कलीत लिहिला. तेव्हा दूरच्या संगणकाशी बोलायला ३०० बॉडचा मोडेम असायचा, म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. कमीत कमी कळांत जास्तीत जास्त काम होणं ही तेव्हा गरज होती. ते वापरत असलेल्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणाच्या वेगळ्या कळाही नव्हत्या. बाणांची चिन्हं एच, जे, के आणि एल या कळांवरच छापलेली होती. म्हणून आजही व्हीआयमध्ये एच डावीकडे नेते, जे खाली, के वर आणि एल उजवीकडे. एस्केपही तेव्हा आजच्या टॅबच्या जागी, करंगळीजवळ होतं. आता ते दूर कोपऱ्यात गेलं आहे, म्हणून इतकं अवघडल्यासारखं वाटतं.

मोड टिकले, याला आणखी एक कारण आहे असं मला वाटतं. आधीपासून असलेल्या फाइलीत आपण नवं थोडंच लिहितो. बहुतेक वेळ वाचण्यात, शोधण्यात, काहीतरी खोडण्यात किंवा हलवण्यात जातो. त्या कामासाठी सगळा कीबोर्ड मोकळा मिळणं सोयीचंच आहे.

कॅप्स लॉक मात्र तपासा. तो चालू असताना जे ही कळ दाबली तर कर्सर खाली जात नाही, खालची ओळ वरच्या ओळीला येऊन जोडली जाते. असं काही झालंच तर कॅप्स लॉक बंद करून यू दाबा, बदल मागे घेतला जातो.

## व्हिममधलं कमीत कमी किती आलं पाहिजे?

लिहायला आय. लिहिणं थांबवायला एस्केप. खोडायला एक्स आणि डी डी. मागे घ्यायला यू, आणि मागे घेतलेलं परत आणायला कंट्रोल + आर. शोधायला तिरकी रेघ, शब्द आणि एंटर, पुढचा सापडायला एन. सेव्ह करून किंवा न करता बाहेर पडणं वर आलंच आहे. एवढ्यावर कोणतीही सेटिंग फाइल दुरुस्त होते.

## मग लोक व्हिमचं एवढं कौतुक का करतात?

कारण त्याच्या कमांड सुट्या पाठ कराव्या लागत नाहीत, त्या वाक्यासारख्या जुळवता येतात. डी म्हणजे खोड. डब्ल्यू म्हणजे पुढच्या शब्दापर्यंत. दोन्ही जोडले की "शब्द खोड". डी ३ डब्ल्यू म्हणजे तीन शब्द खोड. डीनंतर डॉलरचं चिन्ह दिलं की ओळीच्या शेवटापर्यंत खोड. डीच्या जागी सी वापरला तर खोडून लगेच लिहायला तयार हो, आणि वाय वापरला तर नुसती नक्कल घे. एक नवं क्रियापद शिकलात की आधीच्या प्रत्येक शब्दाबरोबर ते चालतं.

एक उदाहरण अगदी जवळून बघू. फाइलीत अशी ओळ आहे:

शीर्षक = "जुनं नाव"

कर्सर अवतरणचिन्हांच्या आत कुठेही आहे. नॉर्मल मोडमध्ये सी, आय आणि दुहेरी अवतरणचिन्ह अशा तीन कळा दाबा. आतलं "जुनं नाव" नाहीसं होतं, दोन्ही अवतरणचिन्हं जागच्या जागी राहतात आणि कर्सर त्यांच्या मधोमध लिहायला तयार असतो. नवं नाव लिहा, एस्केप दाबा. आता खाली अशीच आणखी एक ओळ असेल तर तिच्यावर जाऊन फक्त टिंब दाबा. आताचा अख्खा बदल, नव्या नावासकट, तिथे पुन्हा होतो.

हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी एका फाइलीतल्या अशा कितीतरी ओळी एकेक टिंब दाबत बदलल्या. त्याआधी मी त्या प्रत्येक ओळीवर बॅकस्पेस दाबून धरायचो.

## व्हीआय, व्हिम आणि निओव्हिम यांत फरक काय?

व्हीआय मूळचा. व्हिम म्हणजे सुधारलेला व्हीआय. तो ब्रॅम मूलेनार यांनी १९९१मध्ये प्रसिद्ध केला आणि २०२३मध्ये निधन होईपर्यंत सांभाळला. निओव्हिम २०१४पासून व्हिममधून फुटून निघालेला, लुआ भाषेत सेटिंग करता येणारा. नव्या माणसाला तिघांतल्या मूळ कळा सारख्याच.

एक अडचण मात्र नेहमी येते. काही ठिकाणी, विशेषतः नव्याने बसवलेल्या डेबियन आणि उबुंटूवर, व्हिमची अगदी छोटी आवृत्ती असते. तिच्यात इन्सर्ट मोडमध्ये बाण दाबले की ए, बी, सी, डी अशी अक्षरं उमटू शकतात. कीबोर्ड बिघडलेला नाही. एस्केप दाबून मगच बाण वापरा, किंवा व्हिमचं पूर्ण पॅकेज बसवा.

## कंट्रोल + एस दाबलं आणि सगळं गोठलं!

कंट्रोल + क्यू दाबा. कंट्रोल + एस हा टर्मिनलला दिलेला जुना "थांब" असा इशारा आहे, कंट्रोल + क्यू म्हणजे "चालू कर". मधल्या काळात दाबलेल्या कळा साठलेल्या असतात आणि सुटका झाल्यावर एकदम लागू होतात, म्हणून गोठलेलं असताना कीबोर्ड बडवू नका. नॅनोच्या नव्या आवृत्त्यांत मात्र कंट्रोल + एसने खरोखरच सेव्ह होतं.

## कंट्रोल + झेड दाबलं आणि एडिटर नाहीसा झाला. माझं काम गेलं का?

नाही. व्हिमसारखा एडिटर तेव्हा पडद्यामागे थांबून राहतो. एफ आणि जी ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबा, तो जिथे होता तिथून परत येईल. टर्मिनलची खिडकी तेवढी मध्येच बंद करू नका.

## व्हिम "स्वॅप फाइल सापडली" असं सांगतोय. काय करू?

व्हिम काम चालू असताना त्याच फोल्डरमध्ये एक लपलेली फाइल ठेवतो. तिचं नाव टिंबाने सुरू होतं आणि शेवटी सहसा एस डब्ल्यू पी असतं. वीज गेली किंवा कनेक्शन तुटलं तर न सेव्ह केलेलं काम तिच्यातून मिळतं.

संदेश आला की आधी विचार करा: हीच फाइल दुसऱ्या खिडकीत उघडी आहे का? असेल तर इथून क्यूने बाहेर पडा आणि त्या खिडकीत काम करा. नसेल, म्हणजे मागच्या वेळी एडिटर अर्धवट बंद पडला असेल, तर आर दाबून काम परत मिळवा, नीट तपासा आणि सेव्ह करा. त्यानंतर स्वॅप फाइल हाताने काढून टाकावी लागते, नाहीतर हाच संदेश पुढच्या वेळी पुन्हा येतो. न वाचताच पुढे जाण्याची सवय लावून घेऊ नका. त्यातच लोकांची कामं गेली आहेत.

## सगळं लिहिल्यावर "परवानगी नाही" असं येतं. आधीच कसं टाळू?

ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधल्या फाइली बहुधा रूटच्या, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, मालकीच्या असतात. त्या बदलायला सुडोएडिट वापरा. तो फाइलीची तात्पुरती प्रत तुमच्या हक्कांनिशी उघडतो आणि एडिटर बंद केल्यावर ती मूळ जागी ठेवतो. संपूर्ण एडिटर रूट म्हणून चालवण्यापेक्षा हे सुरक्षित. लिहून बसला असाल आणि सेव्ह होत नसेल, तर तीच फाइल तुमच्या होम फोल्डरमध्ये वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि नंतर सुडोने, म्हणजे रूटचे अधिकार तात्पुरते देणाऱ्या कमांडने, जागेवर न्या. काम वाया जात नाही.

सुडो कुणी वापरायचा ते ठरवणारी सुडोअर्स फाइल मात्र नुसत्या एडिटरने कधीच उघडू नका. तिच्यासाठी व्हीसुडो आहे. तो सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतो. त्या फाइलीत चूक राहिली तर सुडोच बंद पडू शकतो, आणि मग ती चूक दुरुस्त करायलाही सुडो उरत नाही.

## सिस्टीमची फाइल बदलण्याआधी काय काळजी घेऊ?

प्रत काढा. सीपी कमांडने मूळ फाइल दुसऱ्या नावाने ठेवायला दहा सेकंद लागत नाहीत.

हे मी शिकलो ते एफएसटॅब या फाइलीमुळे. कोणती डिस्क कुठे जोडायची ते तिच्यात लिहिलेलं असतं. नवी डिस्क जोडताना मी तिच्या लांबलचक ओळख क्रमांकात एक अक्षर चुकवलं, सेव्ह केलं आणि मशीन पुन्हा सुरू केलं. ते इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन थांबलं. तिथे नॅनो नव्हता, फक्त व्हीआय होता, आणि मला तेव्हा त्यात आय आणि एस्केपसुद्धा माहीत नव्हतं. मूळ डिस्क केवळ वाचण्यापुरती जोडलेली होती, त्यामुळे सेव्हही होईना. ती लिहिण्यासाठी पुन्हा जोडायची कमांड मी फोनवर शोधली. एक अक्षर दुरुस्त करायला माझी संध्याकाळ गेली. व्हीआयच्या त्या पाच-सहा कळा आधीच शिका असा आग्रह मी धरतो, तो यामुळेच.

आता मी एफएसटॅब बदलल्यावर मशीन बंद करण्याआधी "माउंट -ए" चालवून पाहतो. चूक असेल तर ती तिथेच दिसते. एसएसएचची सेटिंग बदलताना जुनी जोडणी उघडीच ठेवतो आणि दुसऱ्या खिडकीतून नव्याने आत येता येतं का ते पाहतो. आत येता आलं तरच जुनी बंद करतो.

## मला नॅनो हवा असतो, पण दरवेळी दुसराच एडिटर उघडतो.

बरेच प्रोग्रॅम "एडिटर" आणि "व्हिज्युअल" या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलांत, म्हणजे प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या नाव दिलेल्या सेटिंगांत, काय लिहिलं आहे ते बघतात. बॅश (टर्मिनलमधल्या कमांड चालवणारा नेहमीचा प्रोग्रॅम) वापरत असाल तर होम फोल्डरमधल्या .बॅशआरसी फाइलीत एक्सपोर्ट कमांडने दोन्हींची किंमत नॅनो अशी ठेवा आणि नवं टर्मिनल उघडा. व्हेरिएबलांची नावं मोठ्या लिपीत लिहायची. डेबियन आणि उबुंटूवर "सिलेक्ट-एडिटर" ही कमांड यादी दाखवून निवड विचारते. गिटमध्ये वेगळा एडिटर नेमलेला असेल तर तो तिथे आधी चालतो, तो गिटच्याच सेटिंगमध्ये बदलावा लागेल.

## बाहेरून कॉपी केलेला मजकूर पेस्ट केला की ओळी पायऱ्यांसारख्या उजवीकडे सरकतात.

व्हिमला वाटतं की तुम्हीच टाइप करताय, म्हणून तो प्रत्येक ओळीआधी स्वतःची मोकळी जागा घालतो. पेस्ट करण्याआधी :सेट पेस्ट, झाल्यावर :सेट नोपेस्ट. नव्या आवृत्त्यांत आणि चांगल्या टर्मिनलांत ही अडचण फारशी येत नाही. टर्मिनलमध्ये पेस्ट करायची कळ बहुधा कंट्रोल + शिफ्ट + व्ही असते.

## ईमॅक्स शिकू का? मायक्रोबद्दलही ऐकलं आहे.

ईमॅक्स हा मोठा आणि समृद्ध एडिटर आहे. ग्नू ईमॅक्स रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५मध्ये प्रसिद्ध केला. लिस्प भाषेत तो हवा तसा घडवता येतो. त्यात राहायला आवडणारी माणसं सगळी कामं त्यातूनच करतात. पण सर्व्हरवरची एक ओळ बदलण्यासाठी तो शिकायला घेऊ नका. चुकून उघडला गेलाच तर कंट्रोल + जीने चालू कमांड रद्द करा, मग कंट्रोल + एक्स आणि कंट्रोल + सीने बाहेर या.

मायक्रोमध्ये कंट्रोल + एस, सी, व्ही, झेड सगळं डेस्कटॉपसारखं चालतं, माउसही चालतो. स्वतःच्या मशीनसाठी उत्तम. फक्त तो आधीपासून बसवलेला क्वचितच असतो.

## देवनागरी मजकूर नीट लिहिता येतो का?

फाइलीत तो नीट साठतो, लोकेल, म्हणजे सिस्टीमची भाषा आणि अक्षरांची सेटिंग, यूटीएफ-८ असलं की पुरे. पडद्यावर मात्र बऱ्याच टर्मिनलांत जोडाक्षरं तुटलेली आणि मात्रा सरकलेल्या दिसतात, कर्सरही भलत्या जागी उभा दिसतो. दिसण्यावरून फाइल बिघडली असं समजून "दुरुस्त" करायला जाऊ नका. ती एखाद्या ग्राफिकल एडिटरमध्ये उघडून बघा, अक्षरं जागच्या जागी असतात.

व्हिममध्ये आणखी एक पेच आहे. कीबोर्ड मराठीवर असताना एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये गेलात, तर डी डीच्या जागी देवनागरी अक्षरं पोचतात आणि व्हिमला ती कळत नाहीत. एस्केप दाबलं की कीबोर्डही इंग्रजीवर न्यायची सवय करा. लांबलचक मराठी मजकूर मी नॅनोत किंवा ग्राफिकल एडिटरमध्येच लिहितो.

## किती दिवस लागतील?

नॅनो एका बैठकीत येतो. व्हिमसाठी टर्मिनलमध्ये "व्हिमट्यूटर" टाइप करा. हा व्हिमबरोबरच येणारा धडा आहे, साधारण अर्ध्या तासाचा. तो एक सरावाची फाइल उघडून देतो आणि तिच्यातच चुका दुरुस्त करायला लावतो. फाइल ही प्रत असते, त्यामुळे काहीही खोडलंत तरी चालतं. तो वाचू नका, हाताने करा, आणि चार दिवसांनी पुन्हा एकदा करा. दुसऱ्या वेळी डी डी दाबायच्या आधी थांबून आठवावं लागत नाही.